कथेचा आराखडा आणि कथेचा ओघ

कादंबरी लिहावयास बसणाऱ्या मनुष्यासमोर पहिल्याच दिवशी एक प्रश्न येऊन उभा राहतो. सारे कथानक आधी मनाशी योजून, त्याची प्रकरणवार टाचणे करून, मग लेखणी हाती घ्यावी? की पहिले वाक्य सुचताच आरंभ करावा आणि पात्रे नेतील तिकडे निमूटपणे जावे? लेखक मंडळींत ह्यावरून दोन पक्ष फार दिवसांपासून पडलेले आहेत. एक पक्ष म्हणतो, नकाशावाचून घर बांधावयास निघणे हा शुद्ध वेडेपणा होय. दुसरा म्हणतो, मनुष्याचे आयुष्य नकाशाप्रमाणे चालत नाही, मग त्याची कथा तरी तशी का चालावी? हा वाद केवळ लेखकांच्या सोयीगैरसोयीचा असता तर त्यात वाचकांनी लक्ष घालण्याचे कारण नव्हते. परंतु कोणत्या रीतीने कथा लिहिली गेली, ह्यावर तिच्यातील माणसे जिवंत राहतात की नाही, हे पुष्कळदा अवलंबून असते. आणि म्हणूनच तो वाचकांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

यवतमाळ जिल्ह्यात तर ह्या प्रश्नाला एक निराळीच धार आलेली आहे. वर्धा आणि पैनगंगा ह्या नद्यांनी वेढलेल्या ह्या कापसाच्या मुलखात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले. सन १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, आणि जानेवारी २०१९ मधील ९२ व्या संमेलनाच्या अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. ह्या दुसऱ्या संमेलनाचे उद्घाटन जिल्ह्यातीलच एका आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील विधवा भगिनीच्या हस्ते झाले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ह्या जिल्ह्याचे नाव देशभर गेले, ही गोष्ट कोणास ठाऊक नाही असे नाही. तेव्हा यवतमाळ, वणी, पुसद किंवा दारव्हा येथील एखादा तरुण आपल्या भागाची कादंबरी लिहू म्हणतो, तेव्हा तिचा शेवट त्याने न ठरविताच जणू ठरून गेलेला असतो. वाचकासही तो पहिल्या पानापूर्वीच ठाऊक असतो. अशा वेळी लेखकाने योजावयाचे ते काय, आणि मोकळे ठेवावयाचे ते काय?

ह्याचे उत्तर शोधावयाचे तर थोडे मागे जावे लागते. मराठीत ह्या वाङ्मयप्रकाराला जे नाव मिळाले, ते मुळी एका अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथाचे नाव आहे. सातव्या शतकात हर्षाच्या पदरी असलेल्या बाणभट्टाने ‘कादंबरी’ लिहावयास घेतली आणि ती पुरी होण्यापूर्वीच तो निवर्तला. पुढे त्याच्या पुत्राने उत्तरभाग रचून ती कथा शेवटास नेली. पित्याच्या मागे ग्रंथ खंडित राहिल्याचे सज्जनांस दुःख झाले म्हणून हे काम केले, कवित्वाच्या अभिमानाने नव्हे, असे त्याने नम्रपणे सांगितलेही आहे. पुत्रास हे शक्य का झाले? कथेचा सांगाडा अगोदरच सिद्ध होता म्हणून. बृहत्कथेच्या परंपरेतील एका कथेवर बाणाने आपली रचना उभारली होती, आणि त्याच कथेचे रूप ‘कथासरित्सागरा’त आजही पाहावयास मिळते.

ह्याच्या उलट उदाहरण इंग्लंडातील आहे. चार्ल्स डिकन्स सन १८७० मध्ये वारला, तेव्हा ‘एडविन ड्रूड’ ही त्याची कादंबरी हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होत होती आणि निम्मी व्हावयाची होती. नायकाचे काय झाले, ह्याचा पूर्ण उलगडा त्याने कोठे लिहून ठेवलेला नव्हता. तेव्हापासून तर्क पुष्कळ झाले, परंतु खात्रीचा शेवट कोणासही देता आलेला नाही. आराखडा मागे असेल तर कथा लेखकानंतरही तगून राहते, हा पहिला धडा येथे मिळतो. पण दुसराही धडा त्यालाच जोडून आहे. रसिकांनी आजवर डोक्यावर घेतले ते बाणाचे पूर्वार्ध. पुत्राने कथा पुरी केली ह्याबद्दल त्याचे आभार मानले जातात, पण बाणाची वाणी त्याला साधली असे सहसा कोणी म्हणत नाही. सांगाडा वारशाने मिळाला. लिहिता लिहिता क्षणोक्षणी जे सुचत जाते, ते मात्र मिळाले नाही.

जुन्या शास्त्रकारांनी ह्या बाबतीत मोठा समंजस शब्द योजून ठेवला आहे. नाटकाच्या कथानकाचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितलेले आहेत. म्हणजे योजनेचे महत्त्व त्यांना पुरते ठाऊक होते. पण ज्यातून हे सारे निघते त्याला त्यांनी नाव दिले ते ‘बीज’. बीजात झाडाची जात ठरलेली असते. बाभळीच्या बीजातून आंबा होत नाही. परंतु फांद्या किती फुटतील आणि कोणती फांदी कोणीकडे वळेल, हे बीजात लिहिलेले नसते. जात ठरलेली आणि वळण मोकळे, अशी ही विभागणी आहे.

मराठी कादंबरीच्या पहिल्या पन्नास वर्षांत ह्याची परीक्षा पाहावयास एक उत्तम जोडी आयतीच मिळते. सन १८५७ मध्ये बाबा पदमनजी ह्यांची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली. पुढे सन १८९० मध्ये हरि नारायण आपटे ह्यांनी ‘करमणूक’ पत्र सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. दोन्ही पुस्तकांच्या नायिकांचे नाव यमुना. दोहींचा विषय एकच, हिंदू विधवेची स्थिती. दोन्ही लेखक त्या स्थितीने मनापासून व्यथित झालेले. तरी वाचकाच्या मनावर होणारा परिणाम किती भिन्न!

पदमनजींची यमुना पतीसह प्रवासास निघते आणि ठिकठिकाणी विधवांच्या हालअपेष्टा पाहते. पुढे तिच्यावरही वैधव्य येते, आणि अखेरीस ती ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. लेखकाने निष्कर्ष अगोदर हाती घेतला आणि त्याला लागतील तेवढी उदाहरणे गोळा करण्याकरिता नायिकेला गावोगाव नेले. आपल्या भाषेतील ह्या प्रकारचे पहिलेच पुस्तक म्हणून त्याची योग्यता मोठी आहे, आणि त्यातील दुःखेही खोटी नाहीत. परंतु पुस्तक मिटल्यावर त्या दुःखांची यादी आठवते. यमुना कशी हसे, कोणावर रुसे, हे आठवत नाही.

हरिभाऊंची यमू स्वतःच बोलते. बालपण, दादाशी भांडणे, मैत्रीण दुर्गीचे हाल, सासरचा जाच, मग मुंबईस रघुनाथरावांबरोबर काढलेले थोडके सुखाचे दिवस, असे ती सांगत जाते. तिच्या कथेचा शेवटही करुणच व्हावयाचा असतो. पतीचा मृत्यू, बळजबरीचे केशवपन आणि मरण ह्यांतून तिची सुटका नाही. पण वाचताना असे वाटत नाही की लेखक तिला त्या शेवटाकडे हाकीत नेत आहे. प्रत्येक प्रसंगी ती आपल्या स्वभावाप्रमाणे वागते, आणि जग आपल्या स्वभावाप्रमाणे तिच्यावर येऊन कोसळते. म्हणून त्या काळच्या सुशिक्षित घरांतून ती ‘करमणुकी’तली यमू न राहता घरचीच एक मुलगी होऊन बसली.

ह्याचे श्रेय केवळ क्रमशः लिहिण्यास द्यावे काय? तसे म्हणता येणार नाही. क्रमशः लेखनाची किंमत हरिभाऊंनाही द्यावी लागली. छापून गेलेले प्रकरण परत घेता येत नाही. पाल्हाळ होतो, एखादे पात्र मध्येच हरवते, दुसरे कारणावाचून रेंगाळते. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. केवळ ओघावर विसंबणाऱ्यास ही जोखीम पत्करावीच लागते. स्फूर्तीच्या भरात पन्नास पाने झाली आणि एक्कावन्नाव्या पानावर गाडे अडले ते कायमचेच, असे हस्तलिखित अनेक घरांच्या पेट्यांतून सापडेल.

हीच अडचण डिकन्सने कशी सोडविली, हे पाहण्याजोगे आहे. ‘पिकविक’च्या वेळी, म्हणजे सन १८३६–३७ मध्ये, तो पुष्कळसा जे सुचेल ते लिहीत गेला. पुढे कथानके गुंतागुंतीची होऊ लागली तसा तो प्रत्येक हप्त्यासाठी एक टिपणाचा कागद करू लागला. ती टिपणे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. गंमत अशी की त्यांत विधानांबरोबर प्रश्नही आहेत. अमुक पात्र ह्या खेपेस आणावे काय? अमुक गोष्ट आताच सांगावी काय? आणि त्यांपुढे त्याने स्वतःच लिहिलेली उत्तरे, होय, नाही, किंवा इतक्यात नको. आराखडा म्हणजे लेखकाने स्वतःस विचारलेल्या प्रश्नांची यादी, असा अर्थ ह्या कागदांवरून निघतो. आणि ह्या साऱ्या वादात तोच सर्वांत उपयोगी आहे.

मराठीत आराखड्याच्या पक्षाची बाजू सर्वांत ठामपणे मांडली ती प्रा. ना. सी. फडके ह्यांनी. त्यांचे ‘प्रतिभासाधन’ सन १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. कथानकाची गुंफण, पात्रांची योजना, उत्कंठा वाढविणे आणि योग्य वेळी ती उलगडणे, ही सारी अभ्यासाने साध्य होणारी अंगे आहेत, असा त्यांचा आग्रह होता. प्रतिभा म्हणजे दैवी देणगी, तिला अभ्यास कशाला, अशा भाबड्या समजुतीला त्यांनी धक्का दिला, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्यांच्यावरील आक्षेपही तितकाच प्रसिद्ध आहे. सर्व चाके इतकी बिनचूक फिरतात की घड्याळाचा आवाज वाचकास ऐकू येतो, असे त्यांचे टीकाकार म्हणत. तंत्राने कथा कोसळत नाही, हे खरे. परंतु तंत्राने माणूस जन्मास येतो असेही नाही.

उलट पक्षाची बाजू घेणारे साने गुरुजींचे नाव पुढे करतात. ‘श्यामची आई’ गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. ह्याहून उत्स्फूर्त लेखन ते कोणते? पण जरा जवळून पाहिले म्हणजे दिसते की त्या पुस्तकाला भक्कम चौकट आहे. रोज रात्री आश्रमात मंडळी जमतात, श्याम एक आठवण सांगतो, आणि रात्र संपते. आई आता हयात नाही, हेही वाचकास आरंभापासूनच ठाऊक असते. चौकट साधी आणि शेवट माहीत, म्हणूनच गुरुजींचे अंतःकरण त्या पाच दिवसांत मोकळेपणी वाहू शकले. शिवाय लेखणीला पाच दिवस लागले तरी त्या आठवणी मनात मुरावयास कित्येक वर्षे लागली होती, हे विसरून कसे चालेल?

टॉल्स्टॉयची हकीकत ह्याच्या दुसऱ्या टोकाची आहे. सन १८२५ च्या रशियन बंडात शिक्षा होऊन सायबेरियात गेलेला एक गृहस्थ सन १८५६ मध्ये परत येतो, अशी कादंबरी त्याने योजिली होती. तो मनुष्य समजावा म्हणून लेखक सन १८२५ कडे वळला. तेथून सन १८१२ च्या नेपोलियनच्या स्वारीकडे. आणि तेथूनही मागे सन १८०५ कडे. अशा रीतीने ‘युद्ध आणि शांतता’ जन्मास आली, आणि ती जेथे संपते तेथे ते बंड अद्याप घडलेलेही नाही! योजना मोडली, पण मोडली ती माणसाचा शोध घेता घेता. अशा मोडण्याला कोण नावे ठेवील?

इतके दूर जाऊन आल्यावर पुन्हा पैनगंगेच्या काठी आले तर तेथेही ह्याच प्रश्नाचे एक जुने उत्तर आढळते. यवतमाळ जिल्ह्यातील गोंडांचे परंपरागत कथेकरी म्हणजे परधान. नदीपलीकडील आदिलाबाद भागातील राजगोंडांविषयी हायमेनडॉर्फ ह्या अभ्यासकाने सन १९४८ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ह्या परधानांच्या कथनास मोठे स्थान आहे. तंतुवाद्याच्या साथीने परधान आपल्या यजमानांच्या कुळाची आणि देवांची उत्पत्तिकथा सांगतो. कथा ठरलेली. घटनांचा क्रम त्याने बदलावयाचा नाही, कारण श्रोत्यांच्या दृष्टीने तो धर्मच आहे. परंतु कागद समोर नाही. प्रत्येक वेळचे शब्द, कोठे थांबावे, कोणता प्रसंग रंगवावा, हे त्या रात्रीचे असते. पुढे काय घडणार हे श्रोत्यांना लहानपणापासून माहीत असते, आणि तरीही ते रात्रभर बसतात. शेवट ठाऊक असल्याने कथा मरत नाही, ह्याचे ह्याहून चांगले प्रमाण कोणते?

आता यवतमाळच्या त्या होतकरू लेखकाकडे वळावे. शेतकऱ्याच्या मृत्यूची कथा लिहिताना त्याच्या हातून चूक होण्याचा संभव कोठे आहे, हे आता स्पष्ट होते. शेवट माहीत असणे ही चूक नव्हे. त्या शेवटाला सोयीचे तेवढेच आयुष्य नायकाला देणे, ही चूक होय. पहिल्या प्रकरणात कर्ज, दुसऱ्यात नापिकी, तिसऱ्यात सावकार, चौथ्यात मुलीचे लग्न आणि पाचव्यात विषाची बाटली; असा आराखडा करावयास एक दुपार पुरे. अशा कथेत मनुष्य राहत नाही. वर्तमानपत्रातील आकड्याला फक्त नाव आणि धोतर मिळते. ज्या घरात असे दुःख खरोखर घडलेले असते, त्या घरातील माणसांना अशा कादंबरीत आपला माणूस सापडत नाही. तो मनुष्य पोळ्याला बैल सजवीत असेल, शेजाऱ्याची थट्टा करीत असेल, पुढच्या वर्षी विहीर खणण्याचे बेत करीत असेल. त्याला आपला शेवट ठाऊक नव्हता. लेखकाने तो ठाऊक असल्याप्रमाणे त्याला वागविले, तर त्याच्यावर आणखी एक अन्याय होईल.

ह्या दृष्टीने उद्धव शेळके ह्यांची ‘धग’ पुन्हा वाचण्यासारखी आहे. वर्धा नदीच्या पलीकडे हिंगणघाटात जन्मलेल्या ह्या लेखकाने सन १९६० मध्ये वऱ्हाडी बोलीच्या बळावर कौतिकचे चित्र उभे केले. दारिद्र्य, नवऱ्याचा नाकर्तेपणा, पुढे त्याला जडलेला कुष्ठरोग, अशी संकटांची रीघ तिच्या वाट्यास येते. संकटांची यादी केली तर ती पदमनजींच्या यादीहून कमी भरणार नाही. पण कौतिक प्रत्येक वेळी नवा बेत रचते, नवी आशा धरते, आणि वाचकही तिच्याबरोबर ती धरतो. पराभव होतो तो एका झुंजणाऱ्या बाईचा. लेखकाने सिद्ध करावयास घेतलेल्या प्रमेयाचे ते अखेरचे पाऊल नव्हे.

मग अशा लेखकाने आराखडाच करू नये काय? अवश्य करावा, उलट ह्या विषयाला तो अधिकच लागतो. फक्त तो कशाचा करावयाचा, हे नीट ठरविले पाहिजे. जे पात्राच्या हाती नाही ते सर्व आराखड्यात यावे. मृगाचा पाऊस त्या वर्षी केव्हा आला, पेरणी साधली की दुबार करावी लागली, कापसाची वेचणी केव्हा सुरू झाली, भाव काय होता, बँकेच्या कर्जाची मुदत कोणती, ही टाचणे अचूक हवीत. सन १९७२ ची एकाधिकार कापूस खरेदी, सन २००२ नंतर आलेले बीटी बियाणे, सन २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने ह्याच जिल्ह्यात गेलेले शेतकऱ्यांचे व शेतमजुरांचे बळी, ह्या गोष्टी कल्पनेने रचावयाच्या नव्हेत. त्या माहीत करून घ्यावयाच्या आहेत. येथे ओघावर विसंबणारा लेखक फसतो, आणि कोरडवाहू शेतात भर वैशाखात कपाशीला बोंडे आणून बसतो.

परंतु जे पात्राच्या हाती आहे, ते आराखड्यात उत्तर म्हणून लिहू नये. डिकन्सप्रमाणे प्रश्न म्हणून लिहावे. भाव पडल्याचे कळल्यावर तो घरी सांगेल की लपवील? बायको दागिना पुढे करील तेव्हा तो घेईल काय? ह्यांची उत्तरे लेखणी त्या पानावर पोचेपर्यंत उघडी राहिली पाहिजेत. तेथे पोचल्यावर पात्राने अनपेक्षित उत्तर दिले, तर पुढची टाचणे फाडावयाची तयारीही हवी. त्यात श्रम वाया गेले असे मानण्याचे कारण नाही. पहिली पेर साधली नाही म्हणून ह्या मुलखातला शेतकरी वावर टाकून देत नाही. तो काकर पुन्हा धरतो आणि उरल्या ओलीवर दुसऱ्यांदा पेरतो. कादंबरीचा दुसरा खर्डा हा असाच असतो. पहिल्या खर्ड्यात माणूस सापडतो. दुसऱ्यात त्याच्या मापाने कथा बेतावी लागते. आणि खरा, शेवटचा आराखडा पुष्कळदा ह्या दोन खर्ड्यांच्या मधेच तयार होतो.

वाचकांच्या हातीही ह्यात काही आहे. कादंबरी आवडली की ‘गोष्ट छान जमली आहे’ म्हणून ती बाजूस ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याऐवजी एक साधी कसोटी लावून पाहावी. पुस्तक मिटल्यावर चार दिवसांनी त्यातील मनुष्य एखाद्या निराळ्याच प्रसंगी कसा वागेल, हे सांगता येते काय? यमूविषयी ते सांगता येते, कौतिकविषयीही येते. यवतमाळच्या शेतातून उद्या जो मनुष्य मराठी कादंबरीत येईल, त्याच्याविषयीही ते सांगता आले, तर त्याच्या लेखकाने टाचणे किती केली होती, ह्याची चौकशी करण्याची कोणास गरज वाटणार नाही.